पहिला वॉलाय

ऑर्लिन बोटीत चढत होता तेव्हा सेल्मरनं मुद्दामच हात पुढे केला नाही. केला असता तर ऑर्लिननं तो घेतला नसता, आणि मग धक्क्यावर उभं राहून दोघे भाऊ त्यावरून दहा मिनिटं भांडले असते. तेवढा वेळ गारठ्यात उभं राहणं आता ऑर्लिनला झेपणारं नव्हतं. म्हणून सेल्मर मोटरपाशी उगाच खाटखूट करत राहिला. पाठीमागे एक पाय पडल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळानं दुसरा, मग बाक करकरला, आणि मगच तो वळला.

"किती घोळ घालतोस रे," ऑर्लिन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मासे वाट बघून कंटाळले असतील."

"तू टोपी कानावर घे आधी."

"घेतो, आई."

ऑक्टोबर संपत आला होता. स्कोगच्या तळ्यावरचे बाकीचे लाकडी धक्के लोकांनी केव्हाच उचलून काठावर ओढून ठेवले होते आणि बोटी ताडपत्रीत गुंडाळल्या होत्या. आणखी दोन-तीन आठवड्यांत काठाकाठानं बर्फ धरणार होता. या दिवसांत शहाणी माणसं हरणांच्या शिकारीची बंदूक पुसत घरात बसतात. पाण्यावर जातात ते फक्त हट्टी लोक, आणि हॉगस्टाद भावांच्या हट्टाबद्दल आमच्या भागात कोणाचं दुमत नव्हतं.

सेल्मर बहात्तर वर्षांचा, ऑर्लिन त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा. दोन वर्षांपूर्वी ऑर्लिनच्या पोटात दुखायला लागलं आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. आधी ऑपरेशन झालं, मग शिरेतून औषधं झाली, एकदा आणि परत एकदा. दुसऱ्या खेपेनं त्याचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि बोटांच्या टोकांची जाणीव गेली. सदऱ्याची बटणंसुद्धा त्याला बघून लावावी लागत. ऑगस्टमध्ये इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. ऑर्लिन बरं म्हणाला आणि घरी येऊन टोमॅटोला पाणी घालायला गेला.

सेल्मर मात्र गप्प बसला नाही. त्यानं फोन केले, पत्रं लिहिली, चर्चमधल्या नर्सबाईला छळलं, आणि शेवटी दक्षिणेला पाच तासांच्या वाटेवरचं एक मोठं इस्पितळ शोधून काढलं. तिथं एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. तीन महिने तिथंच राहावं लागणार होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. फोनवरच्या डॉक्टरबाई फार सांभाळून बोलल्या होत्या. काहींना काहीच उपयोग झाला नाही, बहुतेकांना त्रास झाला, आणि काहींना चार-सहा महिने जास्त मिळाले, असं त्या म्हणाल्या. त्यातलं सेल्मरला फक्त 'सहा' ऐकू आलं.

ऑर्लिन नको म्हणाला. जेवणाच्या टेबलावर नको म्हणाला, चर्चच्या तळमजल्यावर कॉफी पिताना नको म्हणाला, गाडीत नको म्हणाला. सेल्मरनं पिच्छा सोडला नाही. शेवटी गुरुवारी जेवता जेवता ऑर्लिननं हातातला काटा खाली ठेवला.

"शनिवारी तळ्यावर चल," तो म्हणाला. "पहिला वॉलाय."

चुलीपाशी उभी असलेली आर्डिस, ऑर्लिनची बायको, ढवळायची थांबली.

ही त्या दोघांची लहानपणापासूनची रीत होती. एखादी गोष्ट आपसात सुटेना की बोट काढायची, गळाच्या दोन काठ्या घ्यायच्या, आणि ज्याच्या गळाला पहिला वॉलाय मासा लागून बोटीत येईल त्याचा शब्द खरा. त्यावर पुन्हा बोलायचं नाही. आजोबांची बंदूक कोणाकडे जायची ते असंच ठरलं. बापाची गाडी तळ्यावरच्या बर्फातून पाण्यात गेली हे त्याला कोणी सांगायचं तेही असंच ठरलं. आईची शेवटची चार वर्षं कोणाच्या घरी काढायची हेसुद्धा दोघांनी पाण्यावर ठरवलं होतं. ऐकणाऱ्याला हा पोरकटपणा वाटतो. पण आमच्याकडच्या पुरुषांना समोरच्याच्या डोळ्यांत बघून काही मागणं जमत नाही, जीव गेला तरी जमत नाही. मासा ठरवतो म्हटलं की कोणी कोणाला हरवलं असं होत नाही. दोघांची मान वर राहते.

सेल्मरला पहिला लागला तर ऑर्लिननं सोमवारी होकार कळवायचा. ऑर्लिनला लागला तर सेल्मरनं इस्पितळाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

त्या संध्याकाळी सेल्मर निघाला तेव्हा आर्डिस त्याच्या मागोमाग अंगणात आली. एप्रनच्या टोकाशी ती चाळा करत होती.

"तू जिंक," ती म्हणाली. "कसंही कर, पण जिंक. मला नाही त्याला म्हणवत. मी जा म्हटलं तर तो माझ्यासाठी जाईल आणि तिथं एकटा पडून राहील, आणि ते माझ्यामुळे असेल. तू म्हण."

"जिंकतो," सेल्मर म्हणाला.

पन्नास वर्षं ओळखत होता तो तिला. तिनं त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

*

हॉगस्टाद बंधूंची जागा ठरलेली होती. चर्चचं टोक आणि बोटहाऊसचं लाल छप्पर एका रेषेत आलं की खाली खडकाचा एक उंचवटा आहे, वर अठरा फूट पाणी. तिथं दोघांनी जन्म काढला होता. सेल्मरनं आज तो उंचवटा मागे टाकला आणि बोट तशीच पुढे नेली. ऑर्लिननं एकदा लाल छपराकडे पाहिलं, एकदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतून घेतली.

पलीकडे तळ्याचा खोल खड्डा आहे. त्याला सगळे तळघर म्हणतात. अठ्ठेचाळीस फूट. सेल्मरनं तिथं मोटर बंद केली.

"आपण इथं कधी थांबत नव्हतो," ऑर्लिन म्हणाला.

"पाणी गार झालंय. सगळे खाली गेलेत."

"हं."

त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं, पण सेल्मरनं ते उचललं नाही. मासे खाली गेले होते हे खरंच होतं. पण त्यानं ही जागा का निवडली ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि सकाळपासून ते त्याला टोचत होतं.

जिगची सगळी मदार बोटांवर असते. जिग म्हणजे शिशाचं वाटाण्याएवढं डोकं असलेला गळ, त्याला माशाचं जिवंत चंदेरी पिल्लू ओवायचं. तो तळाला टेकू द्यायचा, रीळ अर्धा फेरा गुंडाळायची, मनगटानं वीतभर वर उचलायचा आणि परत खाली सोडायचा. सोडतानाच खरं काम असतं. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, ढिला पडू द्यायचा नाही, जिगच्या मागोमाग काठीचं टोक खाली न्यायचं. वॉलाय हिसका मारत नाही. जिग खाली पडत असताना तो पुढे येतो, तोंड उघडतो आणि आत ओढून घेतो. वर हाताला कळते ती एक टिचकी. गार पाण्यात टिचकीही नसते कधी कधी, नुसतं वजन कळतं, भिजलेलं पान अडकल्याएवढं. तेवढ्यात मनगट उचललं तर मासा आपला. नाहीतर तो जिग थुंकून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

अठरा फुटांवर ऑर्लिनच्या मेलेल्या बोटांना कदाचित काही कळलं असतं. अठ्ठेचाळीस फुटांवर, वारा असताना, काही कळणं शक्य नव्हतं. सेल्मरनं धाकट्या भावाला फसवायला इथं आणलं होतं. भल्यासाठी फसवत होता, पण फसवत होता.

"पोपटी?" त्यानं जिगची डबी पुढे करत विचारलं.

"पोपटीच. तुझा तो नारंगी बघून मासे हसतात."

"हसताना तोंड उघडतात, म्हणून तर लागतात."

ऑर्लिननं गळ ओवायला घेतला. पिल्लू दोनदा त्याच्या बोटांतून निसटलं. सेल्मर दुसरीकडे बघत राहिला. तिसऱ्या खेपेला जमलं. दोन्ही जिग पाण्यात गेले आणि तंगूस सरसरत उलगडत राहिला, इतका वेळ की ऑर्लिननं मध्येच खाकरून घेतलं.

पाऊण तास काही झालं नाही. वाऱ्यानं बोट हळूहळू सरकत होती, सेल्मर मोटरच्या हलक्या झटक्यानं ती परत जागेवर आणत होता. ऑर्लिन शेजारच्या हेन्रिकच्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत होता. हा कुत्रा पोस्टमनला सोडून बाकी सगळ्यांना चावतो, आणि पोस्टमनला त्याचंच वाईट वाटतं, म्हणे. सेल्मर हसला. किती दिवसांनी भाऊ आपल्याला हसवतोय असं वाटून लगेच त्याचं हसू गेलं.

तेवढ्यात जिग खाली जात असताना वजन आलं.

टिचकी नव्हती, नुसतं जड झालं. सेल्मरचं मनगट त्याला विचारायला थांबलं नाही. काठी वाकली, टोक पाण्याकडे खेचलं गेलं आणि खालून दोन सावकाश, भारदस्त झटके आले. मोठा होता.

"लागला," सेल्मर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "ऑर्लिन, लागला!"

ऑर्लिननं आपली काठी गुंडाळून ठेवली आणि हातजाळी उचलली. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा मासा जाळीत घ्यायचा, हेही ठरलेलंच. सेल्मरनं रीळ फिरवायला सुरुवात केली. हळू घ्यायला हवं होतं. हे तो तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला सांगत आला होता, आणि त्याच्याही आधी हे सांगायचा की इतक्या खोलावर मुळात गळ टाकूच नका. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हा सुटता कामा नये. तो ओढत गेला. सहा महिने, सहा महिने, असं रीळच म्हणतेय असं त्याला वाटत होतं.

मासा वर आला तेव्हा शेवटचे दहा फूट त्यानं झुंज दिलीच नाही. ऑर्लिननं जाळी खाली घातली आणि दोन्ही हातांनी रेटून वर घेतली.

मादी होती. सोनेरी पाठ, पांढरं पोट, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि वॉलायचे ते काचेसारखे डोळे. ऑर्लिननं तिला मोजपट्टीवर ठेवलं.

"पंचवीस," तो म्हणाला.

आमच्या तळ्यावर अठरा ते सव्वीस इंचांमधला वॉलाय ठेवून घेता येत नाही. अंडी घालणाऱ्या माद्या त्याच मापाच्या. पाण्यात परत सोडायची, जिवंत असो की मेलेली, असा कायदा आहे.

ऑर्लिन तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग भावाकडे बघून म्हणाला, "सुरेख आहे. जिंकलास. सोमवारी फोन कर त्यांना. मी येतो."

एवढंच बोलला. चेहऱ्यावर राग नव्हता, कुरकुर नव्हती. सेल्मरला आनंदानं ओरडावंसं वाटायला हवं होतं. त्यानं घाईघाईनं गळ काढला, कारण तेवढ्यात त्याला दिसलं. मादीचं पोट टम्म फुगलं होतं. तोंडातून काहीतरी गुलाबी बाहेर डोकावत होतं. डोळे खोबणीतून वर आले होते.

त्यानं तिला पाण्यात सोडलं. ती कुशीवर पडली. एकदा शेपटी हलवली, हातभर खाली गेली आणि परत वर आली.

खोल पाण्यातल्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. खालच्या दाबाला ती बेताची असते. माशाला झटकन वर आणलं की पिशवी फुगते, आणि मग मासा कितीही धडपडला तरी खाली जाऊ शकत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं. ज्याला मासा सोडावा लागणार आहे त्यानं तळघरात गळ टाकू नये, हे सांगायला कायदा लागत नाही. सेल्मर हॉगस्टादनं हे सांगून आजवर कितीतरी लोकांना इथून हाकलून लावलं होतं, शिव्या घालून.

तो बोटीच्या काठावर ओणवा झाला, तिची शेपटी धरली, पोटाखाली दुसरा हात घातला आणि तिला सरळ उभं धरलं. कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून हळूहळू पुढे-मागे करायला लागला.

"जाईल ती," तो म्हणाला. "दमलीय फक्त."

ऑर्लिननं हातातली जाळी खाली ठेवली.

पाणी इतकं गार होतं की सेल्मरच्या मनगटांची हाडं दुखायला लागली. तो सोडायचा, ती कलंडायची, तो परत धरायचा. तिचे कल्ले उघडमीट करत होते. कुठूनसा एक सीगल पक्षी येऊन दहा हातांवर पाण्यात बसला आणि वाट बघू लागला. सेल्मरनं त्याच्यावर पाणी उडवलं. तो उडाला आणि परत तिथंच येऊन बसला.

"सेल्मर. सोड आता."

"थांब जरा."

"वीस मिनिटं झाली."

"थांब म्हटलं ना! जाते ती. मला माहीत आहे ती जाते."

"नाही जाणार. तुलाही माहीत आहे." ऑर्लिनचा आवाज चढला नाही. "तिच्यासाठी नाही धरलंयस तू तिला. तुझ्यासाठी धरलंयस."

सेल्मरचे हात तसेच पाण्यात राहिले. तो वर बघू शकला नाही. बघितलं असतं तर त्याला ऑर्लिनचा चेहरा दिसला असता, टोपीखालचा, गालफडं बसलेला, आणि आता तो चेहरा त्याला बघायचा नव्हता. दोन वर्षं तो तेच करत आला होता. फोन करताना, पत्रं लिहिताना, त्यानं त्या चेहऱ्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

त्यानं हात काढले. मादी कुशीवर झाली आणि वाऱ्याबरोबर हळूहळू बोटीपासून लांब जाऊ लागली. एक कल्ला अजून हलत होता.

सेल्मरनं हात पँटला पुसले. ते लालभडक झाले होते आणि मिटत नव्हते.

"हा मासा मोजायचा नाही," तो म्हणाला.

"बोटीत आला. मी माझ्या हातानं घेतला."

"नाही मोजायचा."

"असा काही नियम नाही आपला."

"आजपासून आहे." सेल्मर नाकानं ओढून घेत म्हणाला. "तुझ्या बोटांना इथं कळणार नाही म्हणून आणलं मी तुला इथं. ऐकलंस? ठरवून आणलं."

"ते तू लाल छप्पर मागे टाकलंस तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

ऑर्लिननं कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरला. "म्हटलं, तू आयुष्यात कधी तळघरात गळ टाकला नाहीस. आज टाकतोयस, म्हणजे तुला किती हवं असेल ते. मग म्हटलं, जिंकतोय तर जिंकू दे."

सेल्मर रडला. तोंड फिरवून, मोटरकडे बघत, पण रडला, आणि ऑर्लिननं ते न पाहिल्यासारखं केलं. आमच्याकडे याला माया म्हणतात.

"मग," थोड्या वेळानं ऑर्लिन म्हणाला, "पहिला वॉलाय लागायचाच आहे अजून. इथंच बसायचं का?"

*

खडकाच्या उंचवट्यावर आले तेव्हा दुपार झाली होती. वारा पडला होता. चर्चचं टोक आणि लाल छप्पर एका रेषेत आल्यावर सेल्मरनं नांगर टाकला आणि दोघांनी नवी पिल्लं ओवली. आर्डिसनं दिलेले अंड्याचे सँडविच सेल्मरनं खाल्ले. ऑर्लिननं एक घास घेतला आणि उरलेला कागदात परत गुंडाळला.

ऑर्लिनची मासेमारी बदलली होती हे सेल्मरच्या आता लक्षात आलं. तो काठी जवळजवळ नुसती टेकवून धरत होता आणि डोळे तंगूसवर ठेवत होता, जिथं तो पाण्यात शिरतो तिथं. जिग उचलायचा, सोडायचा, आणि टक लावून बघायचा.

"काय बघतोस?"

"बोटांना कळत नाही ना. पण लागला की तंगूस तिथं एक उडी मारतो. इवलीशी. डोळे फोडून बघितलं की दिसते. उन्हाळाभर शिकलो मी हे." तो किंचित हसला. "तुला सांगणार नव्हतो."

हे सेल्मरला ठाऊक नव्हतं. ऑगस्टपासून तो भावाकडे यायचा ते इस्पितळाचे कागद घेऊन, आणि ऑर्लिन तेव्हा या वयात पुन्हा पहिल्यापासून मासे धरायला शिकत होता.

त्याचा जिग खाली जात होता. आणि टिचकी आली.

स्वच्छ टिचकी. कोणी नखानं काठीवर वाजवावं तशी. सेल्मरच्या मनगटातली प्रत्येक शीर वर उचलायला निघाली. साठ वर्षांत त्यानं एकही टिचकी सोडली नव्हती. आईच्या अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी इथं बसला होता तेव्हासुद्धा नाही. एवढंसं मनगट उचललं की झालं. अठरा फूट पाणी, कदाचित पंधरा-सोळा इंचांचा मासा, ठेवता येण्याजोगा, अगदी नियमातला. कोणी काही म्हणू शकलं नसतं. सोमवारी फोन, मग पाच तास गाडी, मग सहा महिने. निदान चार. आर्डिसला त्यानं शब्द दिला होता.

त्याचा हात हलला नाही. तो हलू नये म्हणून त्याला दात आवळून धरावे लागले. खाली कोणीतरी पिल्लू एकदा ओढलं, चघळलं, दुसऱ्यांदा टिचकी दिली, आणि मग तंगूस हलका झाला.

ऑर्लिनला हरवायचं नव्हतं म्हणून नव्हे. ऑर्लिन जाणार हे सेल्मरला आज पहिल्यांदा खरं वाटलं होतं, आणि ते खरं वाटल्यावर त्याला आता ओढता येत नव्हतं.

त्यानं जिग वर काढून पाहिला नाही. पिल्लू गेलेलं होतं हे त्याला माहीत होतं. रिकामा गळ तो उचलत राहिला, सोडत राहिला, वीतभर वर, वीतभर खाली. शेजारी ऑर्लिन एकदाही वळला नाही. कुत्र्याची गोष्टही त्यानं पुढे काढली नाही.

तासाभरानं ऑर्लिनची काठी वर गेली. सेल्मरनं जाळी घेतली, आणि आज पहिल्यांदा तो घाईनं हलला नाही. ऑर्लिन हळूहळू गुंडाळत होता, मध्ये दोनदा थांबून श्वास घेत होता. मासा काठाशी आला, सेल्मरनं तो अलगद जाळीत घेतला. सोळा इंच.

"माझा," ऑर्लिन म्हणाला.

"तुझा."

सेल्मरनं गळ काढून दिला. मग ऑर्लिननं डोळ्यांनी सेल्मरच्या काठीकडे खूण केली.

"पिल्लू बदललं नाहीस तू. तासभर."

"विसरलो."

"दोनदा उडाला तंगूस तुझा."

"दगडाला लागला असेल."

"दगड," ऑर्लिन म्हणाला. त्यानं हात पुढे केला, सेल्मरच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. त्याला तो गुडघा हाताखाली जाणवतही नसेल. "चल. थंडी वाजतेय मला आता."

*

आर्डिस धक्क्यावर उभी होती, ऑर्लिनचा जाड कोट हातात घेऊन. कधीपासून उभी होती कोण जाणे. ऑर्लिन उतरला तेव्हा या वेळी त्यानं सेल्मरचा हात धरला. तिनं ते पाहिलं.

"कोणाला लागला पहिला?"

"मला," ऑर्लिन म्हणाला. "सोळा इंच. साफ करायला सेल्मर आहेच, फुकट ठेवलाय." त्यानं तिच्या गालाला गाल लावला आणि हळूहळू, मध्ये थांबत, घराकडे चढत गेला. मग दार लागल्याचा आवाज आला.

"तू जिंकणार होतास," आर्डिस म्हणाली.

"हो."

"मला शब्द दिला होतास."

सेल्मर मासा हातात घेऊन उभा होता. खोटं बोलणं सोपं होतं. मासे लागत नव्हते, वारा होता, काहीही सांगता आलं असतं आणि तिनं ते मानलं असतं.

"मला आधी लागला होता, आर्डिस," तो म्हणाला. "याच्या तासभर आधी. मी मनगट उचललं नाही."

तिनं हात उगारला. खरंच उगारला, बहात्तर वर्षांच्या माणसावर, आणि त्याच्या कोटाच्या बाहीला धरून दोनदा जोरानं हिसकलं. तो तसाच उभा राहिला. मग तिनं हिसकणं थांबवलं, पण बाही सोडली नाही.

"त्याला हे सांगू नकोस कधी," ती म्हणाली.

"त्याला माहीत आहे."

ती खूप वेळ तळ्याकडे बघत राहिली. मग एप्रननं तोंड पुसलं, त्याच्या हातातला मासा आपल्या हातात घेतला आणि वजन बघितल्यासारखा जरा वर उचलला.

"तिघांना पुरेल," ती म्हणाली. "जेवायला थांब. उद्या ये, आणि परवाही ये. कागद आणू नकोस."